न शिजलेला घेवडा

शनिवारी सकाळी चुलीवर चढवलेला काळा घेवडा दुपार झाली तरी शिजला नाही.

जाळ चांगला होता आणि पाणी खळखळत होते. डुकराचे खारवलेले पाय हाडापासून सुटून आले होते, वाळवलेले गोमांस बोटांनी विलग होत होते. घेवडा मात्र दाताखाली कडकडा वाजत होता.

चर्चमधल्या प्रार्थनेहून परतलेले लोक अंगणात जाबुतिकाबाच्या झाडाखाली बसले होते. ओतासिलियो काकांच्या मृत्यूला सातवा दिवस होता. दर शनिवारी काका याच पातेल्यात घेवडा शिजवून फुटबॉल क्लबच्या मंडळींना जेवू घालीत. म्हणून त्यांच्या सातव्यालाही तेच जेवण व्हावे, आणि ते आपण एकटीनेच रांधावे, असे त्यांच्या बायकोने, माझ्या झुल्मिरा मावशीने, ठरवले होते. आयुष्यात तिने हा पदार्थ कधी केला नव्हता. खाल्ला मात्र अनेकदा होता.

"वहिनी, ढवळून ढवळून पातेल्याचं बूड जाईल," काकांची थोरली बहीण इओलांदा दारातून म्हणाली. "गेलेला माणूस रुसला की घरातला घेवडा शिजत नाही. आमची आई सांगायची."

"ठाऊक आहे मला, वन्सं," मावशी म्हणाली. तिने पळी थांबवली नाही.

इओलांदाचे बोलणे मी हसण्यावारी नेले असते, पण मावशीच्या आवाजात विरोध नव्हता. क्लबच्या या जेवणावळींचा तिला जुना राग होता. दर शनिवारी चूल पेटली की ती तडक माझ्या आईकडे येई आणि ताटे मांडायच्या वेळी घरी परते. शेवटच्या शनिवारी काका तिला म्हणाले होते, "आज जाऊ नकोस. माझ्याजवळ बस जरा." तरी ती आईकडे गेलीच. दुसऱ्या दिवशी पहाटे काका झोपेतच गेले.

तिने मला चुलीजवळ बोलावले. "तू पाणी तपासतोस, माती तपासतोस. मग हेही तपास. आणि मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस."

भिजवलेला सगळा घेवडा पातेल्यात मावला नव्हता. उरलेला परातीत होता. त्यातला थोडा मी दोन लहान भांड्यांत घातला. दोन्हींत त्याच नळाचे पाणी ओतले. एक नुसते ठेवले, दुसऱ्यात खारवलेल्या मांसाचा तुकडा टाकला, आणि दोन्ही जाळावर चढवली. मावशी पाहुण्यांना कॉफी देऊन आली आणि भांड्यांसमोर स्टूल ओढून बसली. पाहुणे पुन्हा कॉफी पिऊन कंटाळले, तोवर दोन्ही भांड्यांतला घेवडा बोटांत चिरडू लागला होता.

"म्हणजे घेवडा जुना नाही, पाणी वाईट नाही आणि दोष मांसाचाही नाही," मी म्हणालो.

"लहान भांड्यावर कशाला रुसेल तो?" इओलांदा म्हणाली.

"मोठं भांडं कोणतं हे ज्या रुसव्याला कळतं, इओलांदाबाई, तो मोजपट्टी घेऊनच आला असणार." मावशी हसली नाही. मी तिला विचारले, "मोठ्या पातेल्यात आणखी काय घातलंस?"

"तमालपत्र. लसूण. आणि नारिंगं, अर्धी अर्धी कापून. माणसं जास्त म्हणून पाटीभर घातली."

"कधी?"

"घेवड्याबरोबरच. तुझे काका घालायचेच ना!"

काकांचा जुना गोलरक्षक जुव्हेनाल काय अडले ते पाहायला आत आला होता. त्याने पातेल्यात डोकावले आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, आधीच नारिंग? ओतासिलियो आम्हाला नारिंगाला हात लावू द्यायचा नाही. दाणा बोटांत चिरडून बघायचा, मग ओरडायचा, 'आता आणा रे!' एकदा मी घाईनं आधी टाकलं, तर मला अंगणाबाहेर काढलंन. गोल खाल्ला तेव्हासुद्धा इतका चिडला नव्हता!"

मी रस्सा चाखला. आंबटपणा मिठाखाली दबला होता, पण चांगलाच होता.

मावशी झाऱ्याने एकेक फोड काढून थाळीत ठेवू लागली. शेवटची फोड काढून तिने विचारले, "मग रुसले नव्हते ना ते?"

"ते मला सांगता यायचं नाही, मावशी. घेवड्याचं सांगता येतं."

तिने मान हलवली. मी रश्शात चिमटीचिमटीने खायचा सोडा घातला. फेस काठापर्यंत आला आणि बसला. जुव्हेनालने लाकडे आत सारली. इओलांदा भात वाढायला गेली. पुढच्या उकळीत दाणे फुटू लागले.

आंबट पाण्यात, कितीही उकळले तरी, दाण्याच्या पेशींना सांधून ठेवणारा द्रव्याचा थर विरघळत नाही, म्हणून दाणा टणक राहतो. काका नारिंग अगदी शेवटी टाकीत. मावशी घरी परते तेव्हा ते पातेल्यात तरंगत असे. ते केव्हा टाकले जाते, हे तिने कधी पाहिले नव्हते.