सीताबाईंच्या गाण्याची व्हायोलिनं

आमच्या ऑर्केस्ट्रात ईरा कीबोर्ड वाजवते आणि मी ढोलक. लग्न, हळद, गणपती, जिथे जुनी गाणी हवी असतील तिथे आम्ही जातो. भिवंडीत कीबोर्ड वाजवणारे पुष्कळ आहेत. पण कार्यक्रम रंगला तरी गाडीत बसल्यावर "मूळ गाण्यात तिथे दोनच व्हायोलिनं होती, मी उगाच ताफा वाजवला" म्हणून खट्टू होणारी मी ही एकटीच पाहिली.

मागच्या हिवाळ्यात अंजूरचे केसरीनाथ आमच्याकडे आले. त्यांच्या आई सीताबाईंनी तरुणपणी एक गाणं कॅसेटसाठी म्हटलं होतं. होडी घेऊन निघालेल्या नवऱ्याला बायको खाडीतल्या खुणा सांगते, असं ते गाणं. खाडीकाठच्या गावांत त्या काळी कुठलीच हळद त्याच्याशिवाय व्हायची नाही. आता गाव त्यांचा सत्कार करणार होतं, आणि आईने ते गाणं पुन्हा म्हणावं अशी केसरीनाथांची फार इच्छा होती.

आम्ही कीबोर्ड घेऊन अंजूरला गेलो. ईराने गाण्याच्या सुरुवातीचे सूर वाजवले. सीताबाई खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या.

"वाजवतेस चांगलं," त्या म्हणाल्या. "पन ह्ये माझं गानं न्हाय. ह्ये कुना राजाच्या घरचं हाय."

केसरीनाथ ओशाळले. ईरा मात्र नुसती मान हलवून कीबोर्ड आवरायला लागली. परतताना धामणकर नाक्यावर गाडी अडकली, तेव्हा ती बोलली.

"बरोबर आहे त्यांचं. हे आवाज परदेशात मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेले असतात. वाजवणारे ढीगभर, सगळे एका श्वासात. त्यांची कॅसेट एका खोलीत झालीय. मला त्या खोलीतली माणसं हवीत."

केसरीनाथांकडची जुनी कॅसेट तिने आणली आणि पुढचे कितीतरी दिवस तेवढंच ऐकलं. मीही ऐकलं, पण मला नुसती खरखर आणि त्यामागची व्हायोलिनं ऐकू आली. तिला माणसं ऐकू आली. वाजवणारे चौघं आहेत, म्हणाली. एकजण दर वेळी किंचित मागून येतो. एकाचा गज तारांवर जोरात पडतो. आणि चौघेही एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जातात, उडी मारत नाहीत. तिने सांगितल्यावर मला ते ऐकू यायला लागलं आणि मग तेच ऐकू येत राहिलं.

भिवंडीतलेच आल्हाद कर्वे सर व्हायोलिन शिकवतात. ईरा त्यांच्याकडे गेली. एकेक सूर वेगळा वाजवून रेकॉर्ड करायचा, हळू गजाने, जोराच्या गजाने, सरकत येऊन. मग कीबोर्डची पट्टी दाबली की सरांचाच तो सूर वाजेल, अशी तिची योजना. एरवी तिच्या घराच्या भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमची खडखड चालते, म्हणून शुक्रवार धरला. शुक्रवारी लूम बंद असतात.

मी माईक धरायला होतो. पहिल्या फेरीचे सूर इतके स्वच्छ आले की मी खूश झालो. ईरा म्हणाली, "सर, आता खुर्ची खिडकीपाशी घ्या. दुसरं व्हायोलिन घ्या. आणि सुरावर जरा उशिरा या."

"अगं, मला सगळ्यांनी सुरात आणि वेळेवर वाजवायला शिकवलं," सर म्हणाले. "तू मला बेसूर करतेस?"

"बेसूर नाही सर. चौघं."

सर हसले, खुर्ची उचलून खिडकीपाशी बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी चार माणसांचं वाजवलं, प्रत्येकाचा स्वभाव निराळा ठेवून.

हे आवाज घेऊन आम्ही पुन्हा अंजूरला गेलो. ईराने पहिली ओळ वाजवली आणि सीताबाईंनी न सांगता तोंड उघडलं. पण दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. कॅसेटमध्ये सीताबाई 'काळी चार'च्या उंच पट्टीत गायल्या होत्या. आता त्याहून बऱ्याच खालच्या 'सफेद तीन'च्या वर गळा जाईना.

"ऱ्हाऊंदे," त्या म्हणाल्या. "वय झालं."

गाणं खाली आणणं कीबोर्डवर एका बटणाचं काम. ईराने ते बटण दाबून मला ऐकवलं. व्हायोलिनला सर्दी झाल्यासारखा आवाज आला. शिवाय गाण्यातला सगळ्यात खालचा सूर आता इतका खाली गेला होता, की खऱ्या व्हायोलिनवर तो नसतोच.

"चालेल की," मी म्हटलं. "लोकांना काय कळतंय."

"आजींना कळेल," ईरा म्हणाली.

कर्वे सरांनी ओळखीतून एक व्हायोला मिळवला. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण अंगाने मोठा आणि आवाजाने खोल. सत्काराआधी शुक्रवार उरला नव्हता, म्हणून लूमपासून लांब, अंबाडी गावाच्या पुढे सरांच्या मेहुण्यांच्या शेतघरात गेलो. ईराने खालचे सूर व्हायोलावर घेतले. वरचेही सगळे नव्या पट्टीसाठी सरांकडून पुन्हा वाजवून घेतले. झालेलं काम तिने एका शब्दाची कुरकुर न करता बाजूला ठेवलं. तिच्या जागी मी असतो तर ते बटण दाबून मोकळा झालो असतो.

सत्काराला मैदान भरलं होतं. सीताबाई उभ्या राहिल्या, व्हायोलिनं सुरू झाली, आणि पुढच्या रांगेतल्या बायका पहिल्या चार सुरांतच एकमेकींकडे बघायला लागल्या. सीताबाईंचा आवाज खाली आला होता, पण त्यात काहीतरी नवीन आलं होतं. पूर्वी वाट सांगणारी बायको होती, आता वाट बघून झालेली.

दुसऱ्या कडव्यात त्या शब्द विसरल्या. ओठ हलेनात. मी ढोलकवर नुसता ठेका धरला. ईराने त्यांच्याकडे पाहिलं आणि व्हायोलिनं थांबवून धरली, एकाच सुरावर, हलक्या गजाने. मग मधला तुकडा पुन्हा वाजवला, सावकाश, जणू तो गाण्यात तिथेच होता. सीताबाईंनी डोळे मिटले. तुकडा संपताना त्यांना शब्द सापडला.

गाणं संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजू दिल्या आणि मग माईकवरच विचारलं, "वाजवनारे कुठं बसलेत?"

ईराने तिसऱ्या रांगेतल्या कर्वे सरांकडे हात केला. सर अवघडून उभे राहिले.

"आनि बाकीचे?"

"सगळे तेच, आजी."

सीताबाईंनी सरांकडे निरखून पाहिलं, मग ईराला जवळ बोलावून तिची बोटं हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

"माझं दुसरं गानं कॅसेटमदी आलंच न्हाय," त्या तिला हळूच म्हणाल्या. "त्याला कशी व्हायोलिनं व्हती, त्ये फकस्त माझ्या डोक्यात हाय. ऐकशील?"

ईराने तिथेच स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली.