समद्याला व्हय

ऋतुराजनं आजवर ढीगभर प्रोग्रॅम लिहिले, पण रात्रंदिवस त्याला टोचत राहिले ते दोनच शब्द. तेही त्यानं लिहिलेले नव्हते, फोनवर बोललेले होते.

दोन हजार तेराचा उन्हाळा. औरंगाबादेत सिडकोत एका दुकानाच्या माडीवर त्याचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. घर मूळचं कन्नड तालुक्यातलं, शेतीवाडी बऱ्यापैकी, पण या पठ्ठ्याला मातीपेक्षा माऊस प्यारा. त्या वर्षी गावोगाव टँकर फिरत होते आणि पाण्याच्या पाळीवरून भांडणं जुंपत होती. ऋतुराजनं पाळ्या लावायचा एक प्रोग्रॅम केला आणि करमाडच्या पुढं एका वाडीत तो बसवला. वाडीत कॉम्प्युटर एकच, दूध संकलन केंद्रातला. त्यावर आधीपासून दुधाचं फॅट मोजायचा प्रोग्रॅम होता आणि तो चालवायची शालू. मेंढरांमागं पिढ्या गेलेल्या घरातली ही पहिली कॉम्प्युटर शिकलेली मुलगी. काम संपलं की ती कीबोर्डावर धुतलेला रुमाल टाकायची, पिठावर टाकतात तसा.

आता थोडं प्रोग्रॅमच्या पोटातलं सांगायला हवं, नाहीतर पाप कळायचं नाही. लग्नाची मोठाली पातेली काही घरोघर नसतात. ती गावकीची, देवळामागच्या खोलीत ठेवलेली, लागेल त्यानं न्यावीत. विंडोजमध्येही तसंच असतं. काही फाईली सगळ्या प्रोग्रॅमांच्या सामायिक. नवा प्रोग्रॅम रीतसर बसवला की विंडोज आपल्या वहीत त्या फाईलीपुढं एक रेघ ओढतं, काढला की रेघ पुसतं. एकही रेघ उरली नाही की विचारतं, ही फाईल आता कुणी वापरत नाही, काढून टाकू का?

मेख अशी की दुधाचा प्रोग्रॅम रीतसर बसवलेलाच नव्हता. कुणीतरी पेनड्राइव्हवरून नुसता उतरवून ठेवलेला. त्याच्या नावाची रेघच नव्हती; त्या फाईलीपुढं एकच रेघ होती, ती ऋतुराजच्या प्रोग्रॅमची. रोज दोन वेळा तो गावकीच्या पातेल्यात रांधत होता आणि वहीत त्याचा पत्ता नव्हता. ऋतुराजनं हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि 'बघू नंतर' म्हणून सोडून दिलं होतं.

मे महिन्यात त्यानं नवी आवृत्ती काढली. तिला लागणारी फाईल त्यानं या वेळी तिच्याच फोल्डरात दिली, म्हणजे कुणाच्या पातेल्यावर विसंबायला नको. स्वतःपुरतं शहाणपण त्याला बरोबर सुचलं! सीडी त्यानं टँकरचा ड्रायव्हर फकिरा याच्या हाती वाडीला धाडली आणि शालूला फोनवर सांगितलं, "आधी जुना काढा, मग हा बसवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बायको श्रेयाबरोबर बीड बायपासला नवा फ्लॅट बघायला गेला होता. खाली बोर्ड होता, 'चोवीस तास पाणी'. श्रेया नळ सोडून बघत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"सर, शालू बोलायले, दूध केंद्रातून. जुना काढायलेय तर मशीन इचारायलंय. शेअर्ड फाईल, रिमूव्ह, असं कायतरी. येस हाय, नो हाय, येस टू ऑल हाय."

"येस टू ऑल करा."

"लई मोठं लिवलंय, सर. वाचून दाखवू का?"

बिल्डरचा माणूस गॅलरीचं दार उघडून ताटकळला होता. ऋतुराज हसला आणि तिच्याच बोलीची नक्कल करत म्हणाला, "वाचू नका, शालूताई. समद्याला व्हय."

"समद्याला व्हय?"

"व्हय."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याच संध्याकाळी दुधाचा प्रोग्रॅम उघडेना. फॅट मोजल्याशिवाय गाडीवाला दूध घेईना. मोजणार कशानं? गाडी रिकामी गेली, आणि त्या उन्हाळ्यात चाळीस घरांचं दूध सकाळपर्यंत कॅनमध्येच नासलं. त्या दुधासाठी बायकांनी टँकरच्या पाण्यातला आपला वाटा म्हशींना पाजला होता. सारजाबाई नावाची म्हातारी तर उकिरड्याजवळ बसून ओतलेल्या दुधाकडं बघत रडली म्हणतात.

सकाळीच केंद्राचे चेअरमन आप्पासाहेब यांचा फोन आला. "इंजिनिअरसाहेब, पोरीनं कायतरी दाबलं म्हणायलेत. तुमच्या प्रोग्रॅमाचा संबंध नाय ना?"

"माझा प्रोग्रॅम तर व्यवस्थित चालतोय," ऋतुराज म्हणाला. हे खरंच होतं, आणि त्याच्या आडोशाला तो सुखानं उभा राहिला.

दुपारी तो वाडीला गेला. ती फाईल जागेवर ठेवली, दहा मिनिटांत दुधाचा प्रोग्रॅम सुरू. "माणूस लई हुशार!" म्हणत आप्पासाहेबांनी चहा मागवला. शालू दाराशी उभी होती. तिनं एकदाच त्याच्याकडं बघितलं. आता बोलावं, असं ऋतुराजच्या मनात दोनदा आलं. पण पाच गावांची कामं मिळायची होती, आणि ती आप्पासाहेबांच्या ओळखीनंच मिळणार होती. तो मूग गिळून बसला आणि चहा प्यायला. शालूला त्याच दिवशी काढलं. तिला नेमणुकीचं पत्र कधी दिलेलंच नव्हतं, त्यामुळं काढायलाही काही लागलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. चोराला वर बशीभर बिस्किटंही मिळाली. फ्लॅट झाला, नळाला पाणी आलं, आणि नळ सोडला की ऋतुराजला दाराशी उभी असलेली शालू दिसायची. खाई त्याला खवखवे.

पंधरा साली पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा टँकर, पुन्हा आप्पासाहेबांचा फोन. पाळीचा प्रोग्रॅम नव्यानं बसवायचा होता. बोलता बोलता ते म्हणाले, "केंद्रावर माणूस पायजे. त्या शालूची धाकटी बहीण सत्यशीला आलती. शिकलेली हाय, पण नगं म्हणलं. त्या घरच्या पोरींच्या हाताला मशीन लाभत नाय."

ऋतुराजला पुढचं ऐकूच आलं नाही. म्हणजे ते अजून संपलेलं नव्हतं. त्यानं फकिराकडून शालूचा पत्ता काढला आणि रविवारी बजाजनगर गाठलं. ती आता वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. पत्र्याच्या खोलीपुढं नंबर लावलेल्या रिकाम्या कळश्या होत्या. त्याला बघून ती उभी राहिली. "सर, तुमी? हिकडं?"

त्यानं बसण्याआधीच सगळं सांगितलं. ती फाईल, ती रेघ, तो चहा. "तुमचं काही चुकलं नव्हतं, शालूताई. चूक माझी होती. मला तेव्हाच माहीत होतं."

शालू बोटाला गुंडाळलेली चिकटपट्टी सोलू लागली. "मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. दोन वर्षं तेच वाटलं." मग म्हणाली, "आमच्या खोक्यात एक नट कमी भरला तर खोकं माघारी येतं. वर पॅकिंगवालीचं नाव असतंय. तुमच्या खोक्यावर माझं नाव कसं काय लागलं, सर?"

लाज वाटली म्हणणंही त्याला लाजिरवाणं वाटलं.

"आप्पासाहेबास्नी सांगसाल? सत्यशीलासाठी?"

"हो."

"नीट ऐकून व्हय म्हणा. तुमची कामं जातील."

"जाऊ द्या," म्हणत त्यानं तिथंच फोन लावला, स्पीकर सुरू केला. पलीकडून आप्पासाहेबांचा खणखणीत आवाज आला, "बोला, इंजिनिअरसाहेब!"

"आप्पासाहेब, त्या दिवशीचं दूध मी नासवलं."

त्यानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. आप्पासाहेब म्हणाले, "आन् मग ती पोर तवा काऊन बोलली नाय?"

शालू फोनजवळ वाकली. "आप्पासाहेब, मी शालू. फाईल काढायच्या आधी मशीननं मला इचारलं व्हतं, काढू का म्हणून. मला काढायच्या आधी तुमी कुणाला इचारलं?"