बुटांच्या धड्याला लागलेली चाल

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून असलेली खोली भाड्याने घ्यायची म्हणून तियान आजी ती बघायला गेली, तेव्हा तिने चुलीची जागा पाहिली, कौलं पाहिली आणि मग भिंतीला कान लावून उभी राहिली.

"उंदीर नाहीत हो भिंतीत," घरमालकीण जरा फुरंगटून म्हणाली.

"उंदीर नाही बघत. पोरांचं वाचन ऐकू येतं का ते बघते."

ते ऐकू यायचंच. तालुक्याच्या त्या शाळेत नाश्त्याच्या आधी, डोंगरावरचं धुकं अजून खाली उतरलेलं असताना, पोरं वर्गात बसून मोठमोठ्याने वाचायची. पावसाळ्यात भाताच्या खाचरात बेडूक एकदम सुरू होतात ना, तसं. एक दिवस चिनीचं वाचन, एक दिवस इंग्रजीचं. इंग्रजीच्या दिवशी एका मुलाने फळ्यापुढे उभं राहून एक ओळ म्हणायची आणि साऱ्या वर्गाने ती मागून म्हणायची, अशी रीत होती. पाळी बाकांच्या क्रमाने फिरायची. आजूबाजूच्या बायका त्या आवाजावर आपलं काम लावून घेत. चिनीचं वाचन संपलं की शेवया उकळत्या पाण्यात टाकायच्या, इंग्रजीचं असलं तर जरा उशिरा, कारण इंग्रजी रेंगाळायचं.

आजीला त्यातला एकच आवाज ऐकायचा होता, आणि तोच नेमका येत नव्हता.

तिची नात सुइलान अभ्यासात मागे नव्हती. गणितात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. इंग्रजीचे शब्द पाठ, गाळलेल्या जागा बरोबर, उतारा वाचून उत्तरं बरोबर. पण तोंड उघडायचं म्हटलं की संपलं. ती वरच्या डोंगरातल्या गावची, तिचे उच्चार ऐकून पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरची मुलं हसली होती, तेव्हापासून ती नुसते ओठ हलवायची. आईबाप दूर ग्वांगडोंगला बुटांच्या कारखान्यात. नव्या वर्षाला यायचे आणि डोळे पुसत परत जायचे. पोरीला रागवायला आणि जेवू घालायला आजीच काय ती होती.

इंग्रजीच्या थानबाईंनी तिला एकटीला बोलावून सांगितलं होतं, "सुइलान, जे तुझ्या तोंडातून गेलं नाही ते तुझ्या कानाला कसं कळणार? परीक्षेत ऐकून उत्तरं लिहायची ती टेप लागेल तेव्हा काय करशील?" बाई कडक होत्या, पण खोट्या नव्हत्या. टेप लागली की सुइलानला माहीत असलेले शब्दसुद्धा अनोळखी माणसांसारखे समोरून निघून जायचे.

फळ्यापुढे जायची वेळ पहिल्यांदा आली तेव्हा पोट दुखतंय म्हणून ती घरीच राहिली. दुसऱ्यांदा ती फळ्यापुढे जाऊन उभी राहिली आणि घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिली. त्या दिवशी शेवयांचा वाडगा तिने हातही न लावता परत केला.

"शिऊताई सणाला येतेय," ती म्हणाली. शिऊ तिची चुलतबहीण, तीही त्याच कारखान्यात. "बाईंनी गुरुवारी परत मलाच उभं राहायला सांगितलंय. नाही जमलं तर मी ताईबरोबर जाते. बूट चिकटवायला इंग्रजी लागत नाही."

आणि तिने खाटेखालची पट्ट्यापट्ट्यांची पिशवी ओढून काढली, आपली जाड चादर घडी करून तिच्यात घातली आणि पिशवी दाराशी ठेवली. नुसती बोलून दाखवणारी पोरगी असती तर आजीला एवढी धास्ती वाटली नसती. ही नुसती बोलायची नाही, करायची.

आजीने पिशवीकडे पाहिलं. ती मुळा चिरत राहिली. पण डोकं चालू होतं.

तिला इंग्रजी येत नव्हतं, लिहितावाचतासुद्धा जेमतेम येत होतं. मात्र तोंड न उघडणाऱ्या पोरींचं तोंड कसं उघडायचं, हे वरच्या गावांत तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्या डोंगरात लग्न ठरलेल्या मुलीने सासरी जायच्या आधी कित्येक दिवस रडणी म्हणायची असते. आईसाठी एक, बापासाठी एक, भावजयीला टोमणे मारणारी एक, लग्न जुळवणाऱ्या बाईला शिव्या घालणारी तर चांगली लांबलचक. शब्द बांधायचे, सुरात म्हणायचे आणि खरं रडायचं. जिला चांगलं रडता येई ती हुशार. जिला येत नसे तिच्या नावाने लोक पुढची कितीतरी वर्षं कुजबुजत. तियान आजीला त्यासाठी गावोगावचं बोलावणं यायचं. आता पोरी कॅसेट लावून, पांढरा झगा घालून सासरी जात होत्या आणि आजीचं ते शहाणपण चुलीवर टांगलेल्या मांसासारखं धुरात काळं पडत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुइलानच्या बाकावरची मैत्रीण जिनह्वा आली. ती बाजारातल्या खाटकाची मुलगी, तोंडाचा पट्टा कधी बंद नसायचा.

"आजी, ते धुरातलं मांस आहे का?"

"खाटकाची पोर आणि मांस मागायला माझ्या दारी?"

"आमच्याकडे चांगलं ते विकतात. घरात हाडं येतात."

"मग बस. तूही बस गं. आज दोघींनी धडा वाचायचा आणि मग जेवायचं."

सुइलानचा चेहरा पडला. "आजी, तुला काय कळणार आहे त्यातलं?"

"नाही कळणार. तेच बरं. चुकलीस तरी मला कळणार नाही. कशाचा धडा आहे?"

"एक बाई दुकानात बूट घ्यायला जाते," जिनह्वा म्हणाली. "ते तिला घट्ट होतात. मग ती मोठे मागते. मग ते महाग असतात."

"अरेरे," आजी मनापासून म्हणाली. "म्हणजे रडण्यासारखंच आहे."

तिने तिघींची स्टुलं गुडघ्याला गुडघा लागेल अशी ओढली. कनवटीचा रुमाल काढून सुइलानच्या हातात दिला. "हा तोंडापुढे धर. नवरी असाच धरते. कोणी तिच्याकडे बघायचं नाही, सगळ्यांनी आपापल्या गुडघ्याकडे बघायचं. आणि जिनह्वा, तू सोबतीण. सोबतिणीने फक्त सूर द्यायचा, हा असा." आजीने नाकातून एक लांब, खालून वर चढणारा सूर काढला. "शब्द एकही नाही. पहिला शब्द नवरीचाच."

"आणि नवरीने काढलाच नाही तर?" जिनह्वाने विचारलं.

"तर सोबतिणीने सूर देत राहायचं. पण दुसऱ्या कोणी तिच्यासाठी शब्द म्हटला, आईने का होईना, तर ती पोर तोंड शिवून सासरी गेली म्हणतात. जन्माचं होऊन बसतं ते."

जिनह्वाने सूर दिला. तिचा आवाज रेड्यासारखा होता. सुइलान रुमालामागे हसली. जिनह्वा थांबेना. चुलीतलं लाकूड तडतडलं, मांसाचा वास सुटला, आणि रुमालामागून, अगदी बारीक, बूट मागणाऱ्या बाईची पहिली ओळ आली.

आजीने मान वर केली नाही. त्या ओळीच्या शेवटी तिने आपल्या सवयीने हुंदका लावला. तशीच रीत होती, ओळ संपली की म्हाताऱ्यांनी हुंदका द्यायचा. दुसरी ओळ जरा मोठी आली. दुकानदार बोलला, बाई बोलली, बूट घट्ट झाले, आणि आजी प्रत्येक वेळी अशी गहिवरली की हसू येऊन जिनह्वाला सूर धरता येईना.

"आजी, ती फक्त नंबर विचारतेय."

"विचारू दे. बिचारीचे पाय दुखत असतील."

असं रोज संध्याकाळी चाललं. रुमाल आधी तोंडापुढून हनुवटीवर आला, मग मांडीवर. सुइलानचा आवाज आजीने लहानपणानंतर पहिल्यांदा असा मोकळा ऐकला. आईसारखा जाड होता, शेवटाला जरा फाटणारा. आजी खूश होती. आणि इथेच तिचं चुकलं, पण तिला ते कसं कळावं? तिला वाटत होतं, सगळी भाषा अशीच शिकायची असते. सुइलानच्या तोंडात बुटांचा धडा बसला तो रडणीच्या चालीसकट बसला. ओळ खालून सुरू व्हायची, मधे चढायची, आणि शेवटी पायरीपायरीने उतरून थरथरायची.

बुधवारी जिनह्वाने ते ओळखलं. शेजारच्या बायका ऐकतील म्हणून ती हळूच म्हणाली, "सुइलान, टेपवरची बाई असं नाही म्हणत."

सुइलानने साधं म्हणून पाहिलं. चाल काढली की शब्दही निघून जायचे. ती पुन्हा गप्प झाली, आणि जेवण झाल्यावर दाराशी जाऊन तिने पिशवीची चेन लावली.

काय झालं ते आजीला अर्धंच कळलं, पण चेनचा आवाज पुरेसा होता.

गुरुवारी पहाटे आजी शेवयांचा डबा फडक्यात गुंडाळून वर्गाच्या खिडकीखाली भिंतीला टेकून उभी राहिली. धुकं होतं. इतर वर्ग सुरू झाले होते. या वर्गातून थानबाईंचा आवाज आला, "सुइलान, ये." चपलांचा आवाज फळ्यापर्यंत गेला.

मग काही नाही.

मागे कोणीतरी खाकरलं. कोणीतरी खुसखुसलं. बाईंनी डस्टर टेबलावर आपटला आणि तेही थांबलं.

आजीला धड्याची पहिली ओळ येत होती. अर्थ नव्हता, पण आवाज न् आवाज येत होता. तिने भिंतीच्या अलीकडून ती म्हटली असती तर पोरीला धरायला काठी मिळाली असती. ओळ तिच्या घशापर्यंत आली. तिने रुमाल काढून दातांत कोंबला. किती पोरींना तिने शिकवलं होतं, कितीजणींच्या आयांना दटावलं होतं, की गप्प राहा, हे तिचं आहे, तिच्याकडून हिसकावू नका. आता स्वतःच्या नातीच्या वेळी तिला कळलं की त्या बायका किती कठीण प्रसंगात असायच्या. दाराशी ठेवलेली पिशवी तिला धुक्यातसुद्धा दिसत होती.

आणि मग वर्गातून तो सूर आला. नाकातून, लांब, खालून वर चढणारा, रेड्यासारखा.

"जिनह्वा, काय चाललंय?" बाई म्हणाल्या.

सूर थांबला नाही. जिनह्वाने शब्द काही काढला नाही. आजीने डोळे मिटून घेतले.

सुइलानची पहिली ओळ आली. थरथरत आली, पण आली, आणि चालीत आली. बूट मागणारी ती बाई जणू आईच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत होती. क्षणभर वर्ग थक्क झाला. मग मागून म्हणायची रीत म्हणून वर्गाने ओळ म्हटली, आणि दुसरी कोणतीही चाल समोर नसल्यामुळे तीच म्हटली. मागच्या बाकावरच्या मुलांनी तर थट्टा म्हणून जास्तच सूर लावला. सुइलानला ते ऐकू आलं असणार. तिने पुढची ओळ त्यांच्याहून वरच्या सुरात काढली. बूट घट्ट झाले. साऱ्या वर्गाचे घट्ट झाले. मोठे मिळाले, ते महाग निघाले. शेवटच्या ओळीपर्यंत थट्टा कधी संपली ते त्या मुलांनाही कळलं नसेल. पन्नासेक घसे एकदम पायरीपायरीने उतरले आणि शेजारचा वर्ग वाचायचा थांबला.

आजीने सवयीने हुंदका दिला, रुमालात.

घंटा झाली. पोरं बाहेर पडली, नळाशी गर्दी झाली. थानबाई चहाची बाटली काखेत धरून बाहेर आल्या आणि आजीसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही सुइलानच्या आजी का?"

"हो बाई."

"वरच्या गावच्या?"

"हो."

"माझी आजीपण तिकडचीच," बाई म्हणाल्या, आणि जरा थांबून त्यांनी चष्मा पुसला. "आता हे बघा. परीक्षेच्या टेपवर असं कोणी रडत नाही. ही चाल तिच्या तोंडातून काढताना माझा घाम निघेल. आणि साऱ्या वर्गाच्या तोंडातून काढायला किती दिवस लागतील, ते सांगता येत नाही."

"चुकलं बाई. मला वाटलं..."

"आवाज आला की चाल बदलता येते. आवाजच नसता तर मी काय बदलणार होते? पुढच्या आठवड्यातही तीच उभी राहील. मी सांगितलंय तिला." त्या वळल्या, मग परत वळल्या. "त्या जिनह्वाला मात्र शिकवू नका आणखी काही."

सुइलान आली. गाल लाल, बोटांवर खडू. जिनह्वा तिच्या मागून, काहीच घडलं नसल्यासारखी, डब्याकडे बघत.

"तू इथे केव्हाची उभी आहेस?" सुइलानने विचारलं.

"आत्ताच आले," आजी म्हणाली. "शेवया निवल्या बघ वाटेत."

सुइलानने आजीच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. त्याच्यावर दातांचे ठसे होते. ती डबा घेऊन पायरीवर बसली, तिखट कमी आहे म्हणाली, जिनह्वाला अर्ध्या शेवया दिल्या आणि भराभर खाऊ लागली. पहिला तास गणिताचा होता.

खाता खाता मान खाली घालूनच ती म्हणाली, "आजी, ऊन पडलं की माझी चादर पिशवीतून काढून वाळत टाक. कोंदट वास लागला असेल तिला."

"टाकते," आजी म्हणाली, आणि रिकामा डबा घेण्यासाठी हात पुढे करून उभी राहिली.