इझाक पेरिनोची कबुली

पेरिनो कुळमंडळात वंशपुस्तकासाठी आलेल्या अर्जांना नकाराची पत्रं लिहायचं काम रोवेनाकडे होतं, आणि ते ती फार छान करायची. इतकं छान, की नाकारलेला माणूस उलट आभाराचं पत्र पाठवायचा. ‘आपल्या आस्थेबद्दल मंडळ ऋणी आहे, तथापि’ अशी सुरुवात असे. त्या ‘तथापि’वर डोकं आपटून कितीतरी लोक परत गेले होते.

न्यू सोम्यूर गावात पेरिनो असणं ही साधी गोष्ट नव्हती. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजानं सांगितलं, आमच्या पंथात या नाहीतर मरा. तेव्हा बारा घरं दोन्ही नाकारून बोटीत बसली आणि हडसनच्या खोऱ्यात येऊन उतरली. त्यातलं पहिलं घर पेरिनोंचं, असं पेरिनो म्हणत. उरलेली अकरा घरंही स्वतःबद्दल तेच म्हणत, पण तो भाग वेगळा. दर ऑगस्टमध्ये वॉलकिल नदीकाठी कुळाचा मेळावा भरे. दोनशे माणसं हॅम आणि बटाट्याचं सॅलड खात पूर्वजांच्या निष्ठेबद्दल बोलत. पूर्वज उपाशी राहिले म्हणून असेल, वंशज मात्र दोनदोनदा वाढून घेत.

रोवेना एकसष्ट वर्षांची, लग्न न केलेली, टाउन क्लार्कच्या कचेरीतून निवृत्त झालेली. तिला कुळ शिकवलं ते तिच्या वडिलांनी. अब्राम पेरिनो शाळेत इतिहास शिकवायचे आणि गावात जुनं फ्रेंच वाचता येणारे ते शेवटचे. चर्चच्या तिजोरीत मंडळीची, म्हणजे तिथं जमणाऱ्या भाविकांची, मूळ वही होती. जन्म, लग्नं, मृत्यू, भांडणं, सगळं तीत लिहिलेलं. अब्रामनी चार वर्षं खपून ती इंग्रजीत उतरवली आणि १९३८ साली पांढऱ्या कापडात बांधून घेतली. तेव्हापासून गावाला मूळ वहीची गरजच उरली नाही. पांढऱ्या प्रतीत आहे तो पेरिनो, नाही तो नाही. दर रविवारी चर्चहून येताना लहानगी रोवेना बापाचं बोट धरून दहा पिढ्या पाठ म्हणायची. चुकली की बाप थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. तिच्या आयुष्यात त्याच्याइतका खरा माणूस दुसरा झाला नाही. तो जाऊन आठ वर्षं झाली तरी वाद निघाला की ती म्हणे, “बाबांनी लिहिलंय,” आणि वाद संपे.

त्या वर्षी, १९८७ च्या जुलैअखेर, आर्झेलिया पेरिनोचा अर्ज तिसऱ्यांदा आला.

आर्झेलिया चौऱ्याण्णव वर्षांची, गावाच्या खालच्या आळीत राहणारी काळी म्हातारी. तिचं म्हणणं एका ओळीचं होतं: तुमचा पूर्वज इझाक पेरिनो, तो आमचाही. आपला पूर्वज टायटस याच्यापासून पुढचे सगळे कागद तिच्याकडे होते. टायटसची आई सुझान, ती पेरिनोंच्या घरात गुलाम होती, हेही कुणी नाकारत नव्हतं. पण सुझानचा बाप इझाक, याला कागद नव्हता. पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेलं सांगणं होतं फक्त. रोवेनानं ब्याऐंशी साली लिहिलं, ‘तथापि पुरावा आढळत नाही.’ पंचाऐंशी साली पुन्हा तेच, तारीख बदलून. आता म्हातारी थकली होती. मुलगी ओलीथानं अर्जासोबत चिठ्ठी जोडली होती: “आईला या मेळाव्यात आपलं नाव वंशपुस्तकात बघायचंय. पुढच्या मेळाव्याची खात्री डॉक्टर देत नाहीत.”

मंडळाचा अध्यक्ष, रोवेनाचा चुलतभाऊ कॉर्नेलियस, फोनवर म्हणाला, “रोवेना, नेहमीचं पत्र पाठवून दे बाई. गोड लिही जरा. म्हातारं माणूस आहे.”

“गोडच लिहिते मी,” ती म्हणाली.

पत्र लिहायला बसली. या वेळी थकल्या म्हातारीला जरा सविस्तर समजावावं, म्हणून इझाकच्या तारखा काढायला तिनं पांढरी प्रत उघडली. त्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, वर्षातून चारदाच होई आणि कोण बसला, कोण नाही, याची यादी ठेवली जाई. १७४१ च्या ईस्टरला इझाक यादीत नव्हता. सात आठवड्यांनी पेंटेकॉस्टच्या सणालाही नाही. सप्टेंबरात पुन्हा होता. हे तिला लहानपणापासून पाठ होतं. बाबा सांगायचे, ताप होता त्याला, मरता मरता वाचला.

मग त्याच पानावर तिची नजर गेली. एप्रिलच्या अठरा तारखेला शेजाऱ्याच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही: इझाक पेरिनो. मेमध्ये गिरणीच्या बांधकामाला दोन दिवस हजर: इझाक पेरिनो.

धडधाकट माणूस गिरणी बांधतो आणि प्रभुभोजनाला बसत नाही, याला त्या लोकांत एकच अर्थ होता. चर्चच्या वडीलमंडळानं त्याला बाहेर ठेवलं होतं. काहीतरी चूक केली होती. आणि बाहेर ठेवलेला माणूस आत येई तो एकाच दारानं: रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून, तोंडानं चूक सांगून. ती कबुली वहीत लिहिली जाई. पांढऱ्या प्रतीत अशा चौदा कबुल्या होत्या. कुणी लग्नात नाचला होता, कुणी शेजाऱ्याच्या डुकराचा कान कापला होता, कुणी रविवारी मासे धरले होते. प्रत्येकजण उभा राहिला, बोलला आणि पुढच्या भोजनाला बसला. इझाक मात्र न बोलताच आत आला होता. असं कसं होईल? त्या वडीलमंडळानं डुकराच्या कानालाही कबुलीशिवाय माफी दिली नव्हती.

रोवेना उठली. बापाच्या खोलीतलं कपाट तिनं आठ वर्षांत दोनदाच उघडलं होतं, डांबरगोळ्या ठेवायला. खालच्या खणात भाषांतराच्या कच्च्या वह्या होत्या, पेन्सिलनं लिहिलेल्या. चौथी वही, १७४१. बापाचं ते सरळ, शाळामास्तरी अक्षर:

“आज प्रवचनानंतर इझाक पेरिनो सर्वांसमोर उभा राहिला आणि कबूल झाला, की त्याच्या घरातील गुलाम स्त्री डायना हिला झालेली मुलगी सुझान ही त्याचीच आहे. त्याने देवाची व मंडळीची क्षमा मागितली. मंडळीने त्यास परत घेतले.”

त्यावर एक तिरपी रेघ. समासात चार शब्द: ‘पांढऱ्या प्रतीत घेऊ नये.’

ती तशीच जमिनीवर बसली. पहिल्यांदा तिला इझाकचा राग आला, मग मंडळीचा, की त्याला माफ केलं आणि त्याच्या पोरीला गुलामच ठेवलं. पण ते राग लांबचे होते, फार टिकले नाहीत. खरा राग जवळच्या माणसाचा. ज्याचं बोट धरून ती दहा पिढ्या म्हणत होती, त्या माणसाला एक फांदी माहीत होती आणि त्यानं ती शांतपणे छाटली होती. वर तिला शिकवलं की कागद म्हणजे धर्म. तिच्या हातात कुलूप दिलं आणि किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली. तिनं बापाच्या जिवावर दोनदा एका म्हातारीला खोटं ठरवलं होतं, स्वतःच्या सहीनं, सुंदर भाषेत. बापानं केसानं गळा कापला होता तिचा, आणि तोही प्रेमानं.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “मला कशाला यात घेतलंत?”

मग तिनं वही उचलून पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चमध्ये गेली. पाळकाला तिजोरी उघडायला लावली. फ्रेंच येत नव्हतं, पण नावं वाचता येत होती. इझाक. डायना. सुझान. अडीचशे वर्षांत शाई तपकिरी झाली होती, पुसली नव्हती. कॉर्नेलियसला फोन केला तर तो म्हणाला, “हे बघ, मेळावा होऊन जाऊ दे. एवढी वर्षं थांबलं, अजून एक महिना.”

“ती महिनाभर थांबेल का, विचारलंस डॉक्टरांना?”

“आपल्याच पूर्वजाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची का?”

“त्यानं स्वतःच मांडली होती, कॉर्नेलियस. भर चर्चमध्ये, उभं राहून. आपण उचलून आत ठेवली.” आणि तिनं फोन आपटला. तिच्या आयुष्यातला हा पहिला आपटलेला फोन.

दुपारी ती खालच्या आळीत गेली. एकसष्ट वर्षं त्याच गावात काढून त्या घराच्या पायऱ्या ती पहिल्यांदा चढत होती. ओलीथानं दार उघडलं. सत्तरीची, रुंद खांद्यांची बाई, कोपरापर्यंत पीठ.

“मिस रोवेना? या वेळी पत्र हाती द्यायला आलात होय? तिकिटं महाग झाली वाटतं.”

“मला तुमच्या आईंना भेटायचंय. पुरावा सापडलाय.”

ओलीथानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग बाजूला झाली.

आर्झेलिया खिडकीशी बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. हातांची लाकडं झाली होती, पण दाणा न चुकता भांड्यात पडत होता. रोवेना समोर बसली आणि तिला रडू फुटलं. सगळं एकदम बाहेर आलं: वही, रेघ, चार शब्द, बापानं कसं फसवलं, आपल्याला कसं वापरलं. म्हातारी ऐकत राहिली.

“वाच की,” ती म्हणाली. “आणलीयस ना वही?”

रोवेना वाचू लागली. “आज प्रवचनानंतर इझाक पेरिनो सर्वांसमोर उभा राहिला आणि कबूल झाला, की त्याच्या घरातील गुलाम स्त्री डायना हिला झालेली मुलगी...”

“सुझान,” म्हातारी म्हणाली. “ही त्याचीच आहे. मग देवाची क्षमा मागतो. मग त्याला परत घेतात.”

रोवेनाचं बोट ओळीवर तसंच राहिलं. “तुम्हाला कसं माहीत?”

“तुझ्या बापानं वाचून दाखवलंय. एक्कावन्न साली. मी त्याला पत्र टाकलं होतं, तर तो स्वतः आला, याच खुर्चीत बसला. ढसाढसा रडला, तुझ्यासारखाच. मी कॉफी केली त्याला. म्हटलं, एका कागदावर उतरवून दे एवढंच, माझं काम झालं. तर वही मिटली, खिशात घातली आणि उठला.”

“आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“बोलले की. आळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याकडे कागद लागतो ना, बाई.” ओलीथा चुलीपाशी उभी राहून हसली, पण ते हसू रोवेनासाठी नव्हतं.

रोवेनानं डोळे पुसले. “शनिवारी मेळाव्यात तुमचं नाव वंशपुस्तकात असेल. मी स्वतः लिहिणार आहे, कुणी काही म्हणो.”

“लिही. सुझानपासून लिही, मधलं कुणी गाळू नकोस. आणि डायनाचंही घाल.”

“घालते.” मग तिला राहवलं नाही. “पण जाताना काही म्हणाले का ते? का नाही देत, ते?”

आर्झेलियानं एक शेंग हातात फिरवली. सांगावं की नको, असं दोन क्षण तिच्या चेहऱ्यावर होतं.

“म्हणाला, माझी मुलगी या नावावर वाढलीय. तिला हे सोसणार नाही. माझ्यासाठी नाही म्हणाला, तिच्यासाठी सांगतोय, लिहून मागू नका.”

रोवेना ताडकन उभी राहिली. वही मांडीवरून खाली पडली. “माझ्यासाठी? माझं नाव घेऊन? मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा! मला सोसलं असतं! त्यांनी मला एकदा, एकदा तरी विचारायचं होतं!”

“मलाही तसंच वाटलं,” म्हातारी म्हणाली. “म्हणून तो वारल्यावर मी तुलाच अर्जातून विचारलं. तीनदा.”