जाड भिंगाची रंभा

लग्न होऊन चिमूरजवळच्या ढिवरमोहल्ल्यात, मासेमारांच्या वस्तीत, आली तेव्हापासून रंभाला सगळे मिजासखोर म्हणत. समोरून कोणी आलं तरी ती ओळख देत नसे. खरं म्हणजे चार हातांपलीकडचं तिला धड दिसतच नव्हतं. पण तसं विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. सासू शकुबाई तर आल्यागेल्याला सांगे, "राणी आहे माई सून. माणसं दिसत नाई तिले."

चिमूरच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आले तेव्हा रंभा हट्टानं गेली. पाठोपाठ शकुबाईही गेली. डॉक्टरांनी रंभाच्या नाकावर लोखंडी चौकट ठेवली आणि एक पातळ भिंग बसवलं. "आता कसं दिसतं?"

"चांगलं दिसते," शकुबाई म्हणाली.

"आजी, मी डोळे तुमचे तपासतोय का?"

मग त्यांनी जाड भिंग घातलं. रंभानं दाराबाहेर पाहिलं. चिंचेचं पान न् पान वेगळं दिसत होतं. तिनं चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"हेच द्या," ती म्हणाली.

"डोळे उंदरावानी बारीक दिसून राह्यले तुये," शकुबाई म्हणाली. "लोकं हासतील."

"आताही हासतेतच. कोण हासून राह्यलं ते तरी दिसन."

चष्मा आला, त्याच सकाळी ती तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, गेली. नवरा लटारू रोज जाळं घेऊन पलीकडच्या काठाला जाई आणि मूठभर मासोळी आणून म्हणे, तलावात काही उरलंच नाही. पलीकडे बाकीचे जाळी फेकत होते. लटारू मोहाच्या झाडाखाली घडी केलेल्या जाळ्यावर डोकं ठेवून घोरत होता.

ती पाळीवरून चालत पलीकडे गेली.

"झोप झाली काय?"

तो दचकून उठला. "आत्ताच आडवा झालो. तू इथी कशी?"

"तिकडून दिसले तुमी."

तिनं जाळं उचललं. कोरडं होतं. कमरेइतक्या पाण्यात शिरून तिनं ते फेकलं. नीट उघडलंच नाही. जाळी फेकणारे सोमाजी, दसरू, मुखरू हसले. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमाले सारं ठाऊक होतं ना?"

हसणं थांबलं. तिघं आपापली जाळी ओढू लागले.

थंडीपर्यंत तिचा हात बसला. लटारू आता बाजारात मासोळीच्या टोपलीजवळ बसून माश्या हाकलतो. तेवढं काम त्याला जमतं. शकुबाई सांगत फिरते की चष्मा लागल्यापासून सून आपल्याला मानत नाही. यात खोटं काही नाही.