घटातलं जपानी रोप

"आई, इथली माती कुणी उकरली?"

अंबादास परसात भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला होता. दौऱ्यावरून नुकताच आला होता, कचेरीची टोपी अजून डोक्यावरच होती, आणि समोर वीतभर खोल खड्डा होता.

"मीच की," सिताबाई दारातून म्हणाल्या. "घट बसवायचे होते. तू साहेबासंगं दौऱ्यावर. किती वाट बघायची? चाळून ठेवल्यासारखी माती होती रे. मला वाटलं, देवासाठीच करून ठेवलीस."

माती चाळलेली होती हे खरंच. लिंबाचा पाला कुजवून, खडा न् खडा वेचून अंबादासनं ती केली होती. पण देवासाठी नव्हे, तहसीलदारांच्या बाईसाहेबांसाठी.

बाईसाहेब पुण्याच्या. महाबळेश्वरच्या कुठल्याशा बंगल्यातून त्यांनी एका जपानी फुलझाडाची मुळं आणली होती. नाव अ‍ॅनिमोन. अंबादासच्या घरात ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला नुसतं 'जपानी' म्हणत. साहेबांचा बंगला उन्हात तव्यासारखा तापायचा. उमरग्यात सावली धरून असलेलं परस कुणाचं, तर अंबादास कारकुनाचं. बाळंतपणाला माहेरी जाताना बाईसाहेबांनी मुळं त्याच्या हवाली केली. "ओल राखा आणि अजिबात हलवू नका. त्याला हलवलेलं खपत नाही," असं बजावलं, आणि टांग्यात बसताना सहज म्हणाल्या, "तुमच्या नोकरीचं मी साहेबांशी बोलेन हं."

त्या एका वाक्यावर अंबादास तेव्हापासून जगत होता. निजामाच्या अमलात त्याचं सारं शिक्षण उर्दूत झालं. त्या लिपीतलं त्याचं अक्षर पाहून जुने अधिकारी खूश व्हायचे. आता मुलूख मुंबई राज्यात गेला, कारभार मराठीत आला, आणि त्याचे मसुदे लाल शाईनं माखून परत येऊ लागले. आधीच तो हंगामी. दिवाळीनंतर कोण कायम होणार आणि कोण घरी बसणार, हे साहेब ठरवणार होते. घरात दोन पोरी होत्या.

उन्हाळ्यात जपानीची पानं करपली आणि पुन्हा वर काही आलंच नाही; ते गेलं असंच घरात सगळे धरून चालले. पण मुळं जिवंत होती. तो अधूनमधून बोटानं चाचपून पाहायचा. आता ती देवघरात, घटाच्या मातीत होती. आणि देव एकदा बसले की दसऱ्यापर्यंत घटाला धक्का लावायचा नसतो. रझाकारांच्या धामधुमीत हे कुटुंब नेसत्या कपड्यांनिशी बार्शीला पळालं, तेव्हाही सिताबाईंनी परक्यांच्या ओसरीवर, फाटक्या पत्रावळीवर घट बसवला होता आणि राखलाही होता. त्या आईला काय सांगणार?

त्यानं फक्त बायकोला, शामलाला सांगितलं. जेवण जाईना, कचेरीत बेरजा चुकू लागल्या. सकाळ-संध्याकाळ तो देवघरात इतका वेळ उभा राही की पोराला सुबुद्धी झाली म्हणून सिताबाई सुखावल्या. देवी दिसत होती की नाही कोण जाणे, त्याची नजर मातीवर खिळलेली. गहू तरारून आला. आणि एका सकाळी पिवळट कोंबांच्या गर्दीत एक लवदार, तीन फाट्यांचं पान दिसलं.

शेजारच्या गंगम्मा कारळ्याच्या फुलांची माळ घेऊन आल्या. त्यांनी वाकून पाहिलं. "अवो सिताबाई, गव्हात हे काय उगवलंय?"

"अंबाबाईला ठावं," सिताबाई म्हणाल्या, पण आवाज चाचरला. अंबादासला हसावं की रडावं कळेना.

त्याच दुपारी कचेरीतला शिपाई वीरभद्र निरोप घेऊन आला. "बाईसाब आल्यात पुण्याहून. उद्या सकाळी फूल बघायला येतो म्हणल्यात."

अंबादास स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसला.

"आत्याबाईंना सांगा की," शामला हळूच म्हणाली.

"काय सांगू? आई, तुझा घट मोडायलोय म्हणून?"

"आणि नोकरी गेली तर पोरींना काय घालू?" शामला म्हणाली.

सिताबाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते दोघांना कळलं नाही. त्यांनी सुनेला काही विचारलं नाही. मुलालाच विचारलं, "ते पान त्या बाईचं हाय का? तुझी नोकरी तिच्या हातात हाय?"

त्याला खोटं बोलता आलं नाही. "हाय, आई."

सिताबाई आत गेल्या. हातपाय धुतले, नमस्कार केला, आणि दिवा तेवत असताना मधला घट उचलून बाजूला ठेवला. मातीत बोटं घातली. गव्हाच्या मुळांनी सगळं जाळं विणलेलं, ते तटातटा तुटत गेलं. कोंब आडवे झाले. मुळासकट पान त्यांनी अंबादासच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, "जपून लाव." त्यांच्याकडे पाहण्याची त्याची छाती झाली नाही.

सकाळी बाईसाहेब तान्ह्याला कडेवर घेऊन आल्या. परसात वाकून म्हणाल्या, "अय्या, जगलं? मी तर विसरूनच गेले होते, काल सहज आठवलं!" अंबादास हात जोडून उभा होता. "राहू दे आता तुमच्याकडेच. आमची बदली झाली ना, धुळ्याला. चार दिवसांत निघायचंय."

"आणि माझं ते... नोकरीचं..."

"नवे साहेब येतील ना, ते बघतील." मूल रडू लागलं, आणि त्या निघाल्या.

सिताबाई देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. "खूश झाली का रे बाई?"

"झाल्या की. लई खूश झाल्या."

"आणि नोकरीचं?"

"बोलते म्हणाल्या साहेबांशी."

"मग झालं," सिताबाई म्हणाल्या. "देवीबी आईच हाय. तिला कळतंय."

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी गल्लीतला प्रत्येक पुरुष टोपीत घटातल्या कोंबांचा तुरा खोचून निघाला. अंबादास तसाच बाहेर पडत होता. सिताबाईंनी हाक मारून थांबवलं. आडवे झालेले कोंब त्यांनी ओल्या फडक्यात राखून ठेवले होते. त्यांतले जरा सरळ असलेले चार त्यांनी निवडले.

त्या उंचीनं लहान, म्हणून तो खाली वाकला. तुरा खोचून झाला तरी तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.