मर्टलच्या तेलाची किटली

"या किटलीत आता काही दम राहिलेला नाही," शेजारची ईशबेल पुटपुटली, आणि तेही माझ्या अगदी कानाशी. या वर्षी पुन्हा गेल्या वर्षीसारखं झालं तर सरळ लोकर कातरणाऱ्या यंत्रवाल्यांना बोलवायचं आणि मेंढवाड्याचा दिवस बंद करायचा, असंही ती म्हणाली. डोलिनाचा नवरा टॉर्किल खिडकीबाहेर बघत राहिला. डोलिना कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती, म्हणून एवढं बोलणं तरी झालं.

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका वाडीत, डोलिनाच्या चुलीवर माझं आयुष्य गेलं. एका फिरत्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि डोलिनाच्या सासूनं मला घरात आणलं. पुष्कळ वर्षं मी चहाच केला. मग एका उन्हाळ्यात टॉर्किलनं बोटीवरची एक निकामी तांब्याची नळी घरी आणली, आणि माझं नशीब पालटलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात चिलटं येतात. तुमच्याकडे फळांवर घोंघावतात तसली गरीब चिलटं नव्हेत. ही चावतात, आणि ढगासारख्या थव्यानं येतात. वारा पडला आणि आभाळ भरून आलं की ती कानात, डोळ्यांत, केसांच्या मुळांत शिरतात. माणूस स्वतःला थपडा मारत घराकडे पळतो. पण लोकर कातरणाऱ्याला थप्पडही मारता येत नाही, कारण त्याच्या एका हातात कातर असते आणि दुसऱ्या हातात मेंढी. म्हणून मेंढवाड्याच्या दिवशी, सगळी वाडी एकमेकांच्या मेंढ्या कातरायला जमते तेव्हा, सगळ्यांत आधी डोलिनाची बाटली फिरायची.

त्या बाटलीतलं औषध माझ्या पोटात सुरू व्हायचं. दलदलीत मर्टलची गुडघाभर, उग्र वासाची झुडपं वाढतात; त्या वासाला चिलटं भितात. डोलिना त्यांचा पाला माझ्यात ठासून भरायची, पाणी घालायची आणि झाकणाच्या कडेला ओटच्या पिठाची कणीक लिंपायची. माझ्या तोटीला ती नळी जोडलेली असे आणि नळी ओढ्याच्या गार पाण्याच्या बादलीतून जात असे. मी उकळले की वाफ नळीतून निघायची, गार व्हायची आणि बरणीत थेंबथेंब पडायची. पाण्यावर पिवळं तेल तरंगायचं. ते अलगद काढून डोलिना गोड्या तेलात मिसळायची. माप म्हणजे तिचं नाक. नाक 'बस' म्हणालं की बस.

त्यानंतर माझ्यात चहा करायची सोय उरली नाही. एकदा चुकून पाद्रीबाबांना माझ्यातला चहा दिला गेला. भल्या माणसानं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. पुढची भेट मात्र फार लांबली.

वाडीत माझं काय कौतुक होतं म्हणून सांगू! बायका मला पदरानं पुसावं तशा मायेनं एप्रनच्या टोकानं पुसायच्या. पण दोन हिवाळ्यांपूर्वी डोलिनाला जबर ताप आला. ती उठली, हिंडूफिरू लागली, आणि तेव्हापासून करपलेल्या पावाकडेही तिचं लक्ष जाईना. टॉर्किल काही न बोलता करपट खरवडून टाकायचा आणि खायचा.

खरी गंमत, किंवा खरं दुःख, पुढे आहे. मर्टलच्या शेजारीच ठेंगणा विलो उगवतो. ज्याच्या लाकडाच्या तुम्ही बॅटी करता त्याचाच हा खुजा भाऊबंद. पानं दोघांची इतकी सारखी की दलदलीत वाकलेल्या माणसाला डोळ्यांनी फरक कळणं कठीण. आमची माणसं पान चुरगाळून हुंगतात आणि मग खुडतात. गेल्या उन्हाळ्यात डोलिनानं पानं चुरगाळली, नाकाशी नेली आणि खुडली. सवयीनं सगळं केलं, फक्त वास तेवढा आला नाही. माझं पोट अर्ध्याहून जास्त विलोनं भरलं. मला कळत होतं. मी फसफसले, झाकण थडथडवलं, पण किटलीच्या थडथडण्याकडे कोण लक्ष देतं? बरणीत तेलाचा नुसता तवंग आला.

त्या वर्षी कातरणी अर्ध्यावर सोडून सगळे पळाले. अर्ध्या मेंढ्या उघड्या आणि अर्ध्या लोकरीत, अशा भटकत राहिल्या. सगळ्यांनी दोष वाऱ्याला दिला. मेला वाराच पडला, असं जो तो डोलिनाला सांगत होता. तीही मान डोलवत होती. त्यानंतर मला चुलीवरून उचलून दाराबाहेर ठेवलं गेलं आणि माझ्यात फुलझाड लावावं असाही विषय निघाला.

या उन्हाळ्यात डोलिनानंच मला पुन्हा आत घेतलं. पोतंभर पाला खुडून आणला, टेबलापाशी ठेवला आणि ती कोंबड्यांकडे गेली. ईशबेल कुरकुरली ती याच वेळी. ईशबेल गेल्यावर टॉर्किलनं खिडकी सोडली. पोतं ओढलं आणि एकेक डहाळी नाकाशी धरू लागला. मर्टल असेल ती परत पोत्यात, विलो असेल तो कोटाखाली. बोटीच्या इंजिनात आयुष्य घालवलेला तो आडदांड माणूस, चोरासारखा दाराकडे बघत पानं हुंगत होता. मग विलोचा भारा तो गोठ्यामागे टाकून आला आणि पोतं फुगलेलं दिसावं म्हणून त्यानं तळाशी जुनी गोणपाटं कोंबली.

मित्रांनो, त्या दिवशी मी अशी उकळले! बरणीत पिवळंधमक तेल चढलं. डोलिनानं तेल मिसळताना मात्र हात आखडता घेतला नाही. नाकाला विचारलंच नाही, सगळं ओतलं.

मेंढवाड्याचा दिवस उजाडला तो कोरडा, भरल्या आभाळाचा. पान हलत नव्हतं. माझ्या पोटातलं कोमट पाणी हातपाय धुवायला होईल म्हणून डोलिनानं मलाही नेलं आणि मेंढवाड्याच्या दगडी भिंतीवर ठेवलं. बाटली फिरली. लोकांनी मान राखायचा म्हणून चार बोटं फासली. कित्येकांच्या खिशात दुकानातली बाटली आहे, हे वरून मला दिसत होतं.

चिलटं आली. दलदलीवरून करडा ढग उठला आणि मेंढवाड्यावर येऊन थांबला. कातरी थबकल्या. ढग घुटमळला, खाली आला, पुन्हा वर गेला. कोणाच्याही अंगावर एकही चिलट बसलं नाही. मग पहिली कातर चालली, मागोमाग सगळ्या. खिशातल्या बाटल्या खिशातच राहिल्या. लोकरीचे ढीग चढत गेले, कोणीतरी गाणं धरलं, आणि संध्याकाळी शेवटची मेंढी, ईशबेलचीच, गोरीमोरी होऊन टेकडीकडे पळाली.

ईशबेलनं येऊन माझी पाठ थोपटली. "डोली, असं जोरदार औषध तू जन्मात केलं नव्हतंस."

यंत्रवाल्यांचं नाव पुन्हा निघालं नाही. मी भिंतीवर चमकत होते, आणि माझं म्हणणं तुम्हाला ऐकवायचं तर हीच वेळ आहे. मित्रांनो, जुनं भांडं पुसा, घासा, जपा. आम्हाला ते आवडतं. पण भांड्याला पोचा आला तर तुम्ही चटकन सांगता. माणसाला आला की सगळे वाऱ्याला दोष देतात. ती माया असते, मान्य. पण अशा मायेनं ते माणूस आतून फार एकटं पडतं.

डोलिना हात पुसत होती. "गेल्या वर्षीचंही असंच होतं ना?" तिनं सहज विचारलं.

कोणी कातर पुसू लागलं, कोणी टेकडीकडे बघू लागलं.

"माझ्या कोंबड्या काल गोठ्यामागे विलोच्या ढिगावर नाचत होत्या," ती म्हणाली. "विलो काय पायांनी चालत तिथं गेला?"

टॉर्किलनं टोपी काढली. कोणाकडेही न बघता तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"गेल्या वर्षीचं औषध म्हणजे विलोचं पाणी होतं, डोली. तुला वास येत नाही. मला येतो. पुढच्या वर्षी पाला खुडायला आपण दोघं जाऊ."